दुसरा कोर्स कोणता काढायचा?

मध्यंतरी एकदा रात्री माझा मोडी लिपीचा वाचनवर्ग संपता संपता साताऱ्याकडच्या एका काकांनी कॅमेऱ्यासमोर मोबाईल धरला. त्यावर त्यांच्या घरातल्या जुन्या कागदाचा फोटो होता. घडीवर विरलेला, कडेला वाळवीनं कुरतडलेला. म्हणाले, "ताई, अक्षरं सगळी लागली. 'सन अर्बा सबैन मया व अलफ' इथपर्यंत वाचलं. पण हे आहे काय? गावाचं नाव आहे का?"

"गाव नाही काका, साल आहे."

अर्बा म्हणजे चार, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. बेरीज ११७४. हा शुहूर सन. पेशवाईतल्या कागदांवर तो असाच अरबी आकड्यांच्या नावांनी लिहिलेला असतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १७७३-७४. काका थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्या सुमाराचा कागद आमच्या माळ्यावर पडून होता?"

मी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, ऑनलाइन शिकवते. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं आणि मग सोपी पत्रं असा माझा मुख्य कोर्स आहे. त्यात सालं आणि तारखांचा धडा नव्हता. काकांच्या आधीही बऱ्याच जणांनी हे विचारलं होतं आणि दर वेळी मी व्हॉट्सॲपवर लांबलचक उत्तर लिहून मोकळी होत होते. त्याच काळात माझ्या डोक्यात मात्र सारखं चालू होतं की आता दुसरा कोर्स कोणता काढावा. देवनागरी सुलेखनाचा? गडकिल्ल्यांच्या इतिहासाचा? संस्कृतचा?

ऑनलाइन शिकवणाऱ्या प्रत्येकासमोर हा प्रश्न कधी ना कधी येतोच. ब्लाउजचं कटिंग शिकवणाऱ्या बाईंसमोर येतो, एक्सेल शिकवणाऱ्या अकाउंटंटसमोर येतो, पेटी शिकवणाऱ्या गुरुजींसमोरही. एकाच विषयाला धरून राहावं की दुकानातला माल वाढवावा? सल्ले दोन्ही बाजूंनी मिळतात, आणि दोन्ही तितक्याच ठामपणे. पण त्यामागचा हिशेब कुणी नीट मांडून दाखवत नाही. तो मला जसा कळला तसा सांगते.

एकाच विषयाला धरून राहण्याची ताकद

कोर्स घ्यायला येणारा माणूस आपली एखादी अडचण घेऊन आलेला असतो. आजोबांच्या पेटीत कागद सापडलाय, तो वाचता येत नाही. रात्री जेवणं झाल्यावर तो मोबाईलवर शोधायला बसतो. एका ठिकाणी मोडी, टॅरो, वैदिक गणित आणि इंग्रजी संभाषण असे चाळीस कोर्स मांडलेले दिसतात. दुसऱ्या ठिकाणी फक्त मोडी. फी दोन-तीनशे रुपयांनी जास्त असली तरी तो दुसऱ्या ठिकाणी थांबतो. पैठणी घ्यायची तर माणूस येवल्याला जातो, कोपऱ्यावरच्या जनरल स्टोअरमध्ये नाही.

पुढचा फायदा तोंडोतोंडी पसरण्याचा. लग्नाच्या पंगतीत कुणी जुन्या सनदेचा विषय काढला की शेजारी बसलेला म्हणतो, "त्या एक मोडीवाल्या ताई आहेत, त्यांचा नंबर देतो." एवढ्या एका शब्दात ओळख झाली म्हणून नंबर पुढे गेला. "त्या बरंच काही शिकवतात" असं सांगून कुणी कुणाचा नंबर देत नाही.

पण मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो फायदा वेगळाच आहे. तेच तेच शिकवत राहिलं की विद्यार्थी नेमका कुठे अडखळतो हे आपल्याला दिसू लागतं. मोडी लिहिताना आधी ओळभर शिरोरेघ ओढतात आणि मग तिला लटकवत अक्षरं काढत जातात. दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. पूर्णविराम, स्वल्पविराम नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळलेला नसतो. पहिल्या दोन बॅचना मी अक्षरांवर भर देऊन शिकवलं आणि तरी माणसं कागदासमोर हतबल होत होती. तिसऱ्या बॅचला लक्षात आलं की अक्षर ओळखता येतंय, शब्द कुठे तुटतो ते कळत नाहीये. मग मी चौथ्या धड्यापासूनच न तोडलेल्या ओळी द्यायला लागले, पेन्सिलीनं उभ्या रेघा मारून शब्द सुटे करायला लावले. चार विषय शिकवत असते तर हे माझ्या लक्षात यायला कितीतरी वर्षं लागली असती.

आणि त्यातला धोका

एका विषयाचं आवार लहान असतं. मोडीचा पहिला कोर्स केलेला माणूस तोच कोर्स पुन्हा घेत नाही. म्हणजे दर महिन्याला नवी माणसं शोधा, त्यासाठी जाहिरात करा. शिवाय राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, तिथेही वर्ग होतात. मला याचा आनंदच आहे, पण पोट चालवायचं तर हेही मोजावं लागतं.

शिवाय मागणीचा दोर आपल्या हातात नसतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. पुढे हे काम राज्यभर गेलं. जुनी दप्तरं उघडली गेली, त्यातलं बरंचसं मोडीत. ज्या लिपीकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिचे वाचक तालुक्या-तालुक्यांत हवे झाले. त्या दिवाळीत माझा फोन दिवसभर वाजत होता. हे माझं कर्तृत्व नव्हतं. जी मागणी एका शासन निर्णयानं आली, ती तशीच ओसरूही शकते.

उलटं उदाहरण फ्लॅशचं. एके काळी वेबसाइटवर हलती चित्रं करायला ॲडोबीचं फ्लॅश शिकणं म्हणजे हमखास काम. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीनं फ्लॅश प्लेअरचा आधार काढून घेतला. फक्त फ्लॅशच शिकवणाऱ्याचे सगळे व्हिडिओ जुने झाले. पण ज्यानं मधल्या काळात 'ॲनिमेशन कसं विचारात आणायचं' हेही शिकवायला घेतलं होतं, त्याचे विद्यार्थी त्याच्याबरोबर पुढच्या सॉफ्टवेअरकडे गेले.

मोडीची गत फ्लॅशसारखी होणार नाही, कागद तर बदलत नाहीत, असं मला वाटायचं. पण २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी कागदाचं देवनागरीत लिप्यंतर करणारं एआय मॉडेल पुढे आणलं. मला त्याची भीती वाटत नाही, आनंदच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमालांत बांधून ठेवलेले कागद आहेत, ते एवढ्या-तेवढ्या माणसांच्या डोळ्यांनी वाचून संपायचे नाहीत. तरी मी त्यातून एक गोष्ट घेतली. उद्या यंत्र 'अर्बा सबैन मया व अलफ' ही अक्षरं बिनचूक देईल. काकांचा प्रश्न मात्र तिथूनच सुरू होतो.

मोठ्या कंपन्यांकडे पाहून काय शिकता येतं

आपल्यासारख्या एकट्या शिकवणाऱ्यांना मोठ्या कंपन्यांचे आकडे लागू होत नाहीत. पण त्यांनी विषय कसे वाढवले ते पाहण्यासारखं आहे.

अलाहाबादचे अलख पांडे यूट्यूबवर फिजिक्स शिकवून नावारूपाला आले. चॅनेलचं नाव 'फिजिक्सवाला', म्हणजे नावातच फिजिक्स. पुढे २०२० मध्ये ॲप आलं आणि त्यावर केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी असं सगळं. त्यांनी आपली खासियत सोडली का? नीटची प्रश्नपत्रिका पाहा. एकूण ७२० गुण, त्यात फिजिक्सचे १८०. जेईई मेनमध्ये ३०० पैकी १००. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलाचं फिजिक्स कितीही पक्कं झालं तरी पाऊण पेपर बाकीच राहतो. तो पोरगा उरलेल्या विषयांसाठी दुसरीकडे जाणारच होता. विषय वाढले ते त्याच्या पेपरामुळे. आणि फिजिक्सच्या गुरुजींवर बसलेला विश्वास केमिस्ट्रीच्या नव्या शिक्षकाला आयता मिळाला. पुढे या कंपनीनं इतर परीक्षाही घेतल्या, पण त्या आधी पहिल्या विद्यार्थ्याचं ताट पूर्ण वाढलेलं होतं.

ड्युओलिंगो हे ॲप २०१२ मध्ये भाषा शिकवायला आलं. बरीच वर्षं भाषा आणि भाषाच. मग २०२२ मध्ये गणित, २०२३ मध्ये संगीत, २०२५ मध्ये बुद्धिबळ. वरवर पाहिलं तर या विषयांचा एकमेकांशी काय संबंध? पण त्यांचा खरा हातखंडा भाषेत नव्हताच. रोज पाच-दहा मिनिटं, छोटे छोटे प्रश्न, चुकलं की पुन्हा तेच, आणि सलग किती दिवस आलात याची मोजणी, ही त्यांची हातोटी. जो विषय या साच्यात बसतो तो त्यांनी घेतला. शिकवण्याची रीत एकच राहिली, विषय बदलले.

बायजूजची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगते. बायजू रवींद्रन यांचे कॅटचे, म्हणजे एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचे, वर्ग गाजले, २०११ मध्ये कंपनी झाली, २०१५ मध्ये शाळकरी मुलांचं ॲप आलं. मग २०२० मध्ये लहान मुलांना कोडिंग शिकवणारी व्हाइटहॅट ज्युनिअर सुमारे ३० कोटी डॉलरना घेतली. २०२१ मध्ये आकाश इन्स्टिट्यूट, नोकरदारांना शिकवणारी ग्रेट लर्निंग, मुलांची पुस्तकं देणारी अमेरिकेतली एपिक. २०२२ मध्ये कंपनीचं मूल्य २२०० कोटी डॉलर लावलं गेलं आणि २०२४ च्या जुलैत राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. कारणं अनेक होती. मोठं परदेशी कर्ज, वेळेवर न आलेले हिशेब, कोरोनानंतर पुन्हा उघडलेल्या शाळा. पण आपल्या प्रश्नापुरतं बघायचं तर आठ वर्षांच्या मुलाची आई, नीट देणारा बारावीचा मुलगा आणि पस्तिशीतला इंजिनिअर ही तीन वेगळी गिऱ्हाइकं आहेत. एकाचा विश्वास दुसऱ्याकडे जात नाही. प्रत्येकासाठी वेगळी विक्री, वेगळी माणसं, वेगळा खर्च. माल वाढला, पण गिऱ्हाईक दर वेळी शून्यापासून मिळवावं लागलं.

या तिघांकडे पाहून माझं मत पक्कं झालं. 'किती विषय' हा प्रश्नच फारसा उपयोगाचा नाही. नवा कोर्स जुन्याच विद्यार्थ्याच्या पुढच्या पायरीवर आहे का, हे विचारावं. ते जमत नसेल तर निदान शिकवण्याची हातोटी तरी तीच आहे का, ते पाहावं. दोन्ही नसेल तर आपण नवा कोर्स काढत नाही, नवा धंदा सुरू करतोय.

पैशाचा हिशेब

आकडे धरून बघू, म्हणजे डोक्यात बसेल. हे माझे आकडे नाहीत, समजण्यासाठी घेतलेत.

समजा पहिल्या कोर्सची फी १५०० रुपये. एक विद्यार्थी मिळवायला जाहिरातीवर ६०० रुपये जातात आणि पैसे भरण्याच्या गेटवेचे साधारण २ टक्के, म्हणजे ३० रुपये. हातात राहिले ८७०. शंभर जण आले तर ८७,०००.

आता त्याच शंभर जणांना 'जुन्या कागदांवरच्या तारखा' असा १००० रुपयांचा छोटा कोर्स सांगितला. ग्रुपवर एक संदेश टाकला, जाहिरातीचा खर्च शून्य. गेटवेचे २० रुपये वजा जाता ९८० राहिले. शंभरातल्या तिसांनी घेतला तर २९,४००.

याच्याऐवजी सुलेखनाचा १५०० रुपयांचा कोर्स काढला तर तो घेणारी माणसं बहुतेक वेगळी. त्यांच्यासाठी पुन्हा माणशी ६०० ची जाहिरात. तेवढेच २९ हजार हातात यायला ३४ नवी, अनोळखी माणसं लागतील. त्यांना मी कोण, माझं शिकवणं कसं, हे पहिल्यापासून पटवून द्यावं लागेल. कदाचित ६०० मध्ये भागणारही नाही, कारण मोडीमध्ये निदान माझं नाव झालेलं आहे.

या हिशेबात एक खर्च अजून धरलेला नाही, आणि बहुतेक जण तो विसरतात. कोर्स एकदा रेकॉर्ड केला की आयुष्यभर आपोआप विकला जातो हा गोड गैरसमज आहे. प्रत्येक कोर्समागे शंकांचा एक ग्रुप येतो. कुणाचा व्हिडिओ उघडत नाही, कुणाला प्रमाणपत्रावर नाव बदलून हवंय, कुणाला सराव तपासून हवाय. पाच कोर्स म्हणजे असे पाच ग्रुप. जोडून असलेल्या कोर्सना एक ग्रुप पुरतो आणि जुने विद्यार्थीच नव्यांच्या निम्म्या शंका सोडवतात. सुट्या सुट्या विषयांत तसं होत नाही. एकट्या माणसाच्या अंगावर सगळ्यात जास्त येतं ते हेच.

माझी चूक

तरीही मी सुलेखनाचा कोर्स काढला. हाताला वळण होतं, बोरूनं लिहायची आवड होती, आणि मोडीला बोरू लागतो तर देवनागरीलाही लागतो, एवढं साम्य मला पुरेसं वाटलं. दोन महिने संध्याकाळी त्यातच गेले. दिवे आणले, वरून कॅमेरा लावायला लाकडी घोडी करून घेतली, धडे मनापासून केले. माझ्या मोडीच्या विद्यार्थ्यांमधून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच नावं आली.

मला वाईट वाटलं ते पैशाचं नव्हतं. त्या दोन महिन्यांत मोडीच्या ग्रुपवर दिलेली उत्तरं तुटक होती, सराव तपासायला उशीर होत होता. एका मुलीनं कोर्स अर्ध्यात सोडला. ती पीएचडीसाठी मोडी शिकत होती आणि तिला देवस्थानच्या जमाखर्चाचे कागद वाचायचे होते. तिनं दोनदा विचारलं होतं की मोडीतले पाव, अर्धा, पाऊण हे अपूर्णांक कसे वाचायचे. मी 'सांगते' म्हणाले आणि राहून गेलं. ती काय मागत होती ते मला समोर दिसत होतं, आणि मी भलतीकडेच पाहत होते. पुढे सुलेखनाचा कोर्स मी बंद केला, ज्यांनी फी भरली होती त्यांना ती परत केली आणि पहिल्यांदा अपूर्णांकांचा धडा तयार केला. तो त्या मुलीला पाठवला. तोवर तिनं दुसरीकडून शिकून घेतलं होतं.

विविधता कुठे शोधायची

त्यानंतर एका रविवारी मी दोन वर्षांचे ग्रुप उघडून बसले. जेवढ्या शंका आल्या होत्या त्या सगळ्या वहीत उतरवल्या. आपल्याकडे कोर्स आहे, विद्यार्थी आहेत आणि दुसरा कोर्स काढायचाय, तर दुसरं काही करण्याआधी हे करा, असं मी मनापासून सांगेन. बाजाराचा अभ्यास म्हणून कुणाला पैसे द्यायची गरज नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यास आधीच लिहून ठेवलेला असतो.

वहीतून मला दिसलं की एकाच दारातून येणारी माझी माणसं आत आल्यावर वेगवेगळ्या खोल्यांत जाऊ पाहतायत.

काहींना फक्त घरातले कागद वाचायचेत. वतनपत्र, वाटणीपत्र, गहाणखत. त्यांना मौजे, कसबे, परगणे, बुद्रुक, खुर्द, इनाम, महजर हे शब्द हवेत, आणि तारखा हव्यात. 'छ १० जिल्हेज' असं दिसलं की 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्यातली तिथी, हे कळायला हवं. शकाचं इसवी करायला ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसलीला, म्हणजे महसुलाच्या सालाला, ५९० किंवा ५९१. शुहूर सनाचं वर्ष मृगाच्या सुमारास बदलतं म्हणून कधी ५९९, कधी ६००. एवढं हाताशी असलं की त्यांचं काम होतं. त्यांना पेशवाईचा सखोल इतिहास शिकवायला गेलात तर ती कंटाळतात.

काही जण इतिहासाचे विद्यार्थी. त्यांना काळानुसार बदलत गेलेलं वळण हवं. शिवकालातली मोडी, पेशवाईतली मोडी आणि इंग्रजी अमलातली घाईत खरडलेली मोडी यांत बराच फरक आहे. त्यांना हिशेबाचे कागद, अपूर्णांक, खात्यांची नावं लागतात.

काहींना लिप्यंतराचं काम मिळवायचंय. अक्षर लागलं की झालं, असं त्यांचं चालत नाही. न लागलेली जागा कशी दाखवायची, फाटलेला भाग कसा नोंदवायचा, आपला तर्क आणि कागदावरचा मजकूर वेगळे कसे ठेवायचे, ही शिस्त त्यांना हवी. माझ्या मते हा सगळ्यात जबाबदारीचा कोर्स आहे, कारण चुकीच्या वाचनावर कुणाची जमीन किंवा कुणाचा दाखला अडकू शकतो.

आणि काही जणांना फक्त लिपीचं प्रेम. घराच्या पाटीवर मोडीत नाव हवं, लग्नपत्रिकेत एक ओळ हवी. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संचात, मोडी आली, तेव्हापासून ती संगणकावर टाईप करता येते. त्यांना फॉन्ट कसा बसवायचा ते सांगितलं तरी ती खूश होतात. त्यांच्यासाठी वेगळा कोर्स नको, एक मोफत व्हिडिओ पुरे.

म्हणजे विषय मोडीच, पण आत विविधता केवढी! बाहेरून पाहणाऱ्याला मी अजूनही मोडीवालीच. आतल्याला मात्र पुढे जायला तीन वाटा. त्यातही प्रत्येक गोष्टीचा व्हिडिओ कोर्सच व्हायला हवा असं नाही. तारखांचा कोर्स रेकॉर्ड केलेला चालतो, कारण तो एकदा समजला की संपला. वाचनाचा सराव मात्र सगळ्यांनी मिळून, आठवड्यातून एकदा, एकच कागद समोर ठेवून करावा लागतो. म्हणून तो वाचनवर्ग, महिन्याच्या वर्गणीवर. लिप्यंतराच्या कोर्सला मी एका वेळी आठच जण घेते, कारण प्रत्येकाचं वाचन ओळ न ओळ तपासावं लागतं. फी अर्थातच जास्त. शिकवण्याचं रूप बदललं तरी तीही विविधताच असते, हे मला फार उशिरा उमगलं.

हाच विचार ब्लाउजच्या कोर्सला लावून बघा. साधं कटिंग शिकलेल्या बाईची पुढची अडचण कुर्ती नसतेच मुळी. मुंढ्याला येणारी चुणी, अस्तर लावताना सरकणारं कापड, आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना माप कसं घ्यायचं, हे तिला आधी हवं असतं. नंतर कटोरी, प्रिन्सेस कट. कुर्ती त्याच्याही नंतर.

जे आपल्याला येत नाही ते काय करायचं? माझं फारसी कच्चं आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मात्र कागदातले फारसी शब्द अडतात. मी चार पुस्तकं वाचून कोर्स काढला असता तर पहिल्याच जाणकारानं तो उघडा पाडला असता. मी फारसी जाणणाऱ्या एका निवृत्त प्राध्यापकांना विनंती केली. त्यांनी शिकवायचं, मी रेकॉर्डिंग, ग्रुप आणि फीचं पाहायचं, आलेले पैसे अर्धे-अर्धे. त्यांना विद्यार्थी शोधावे लागले नाहीत, मला न येणारं शिकवावं लागलं नाही. विषय वाढवायचा हा मार्ग मला सगळ्यात स्वच्छ वाटतो.

कुठे विकताय त्यावरही अवलंबून आहे

युडेमीसारख्या ऑनलाइन कोर्सच्या बाजारात कोर्स ठेवला तर विविधता तो बाजारच पुरवतो. तिथे आपण जितके नेमके तितकं बरं. तुमच्या स्वतःच्या लिंकवरून विद्यार्थी आला तर युडेमी तुम्हाला ९७ टक्के देते, बाजारानं आणून दिला तर ३७ टक्के. शिवाय वर्गणी भरणारे विद्यार्थी तुमचे व्हिडिओ किती मिनिटं बघतात त्यावर वेगळा वाटा मिळतो. म्हणजे गिऱ्हाईक कुणी आणलं याची किंमत त्यांनी साफ लिहून ठेवली आहे. स्वतःच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर विकलं तर गिऱ्हाईक तुमचं, त्याचा नंबर तुमच्याकडे, पण आत आल्यावर दोन-तीन पायऱ्या तरी दिसल्या पाहिजेत, नाहीतर जाहिरातीचा खर्च निघत नाही. अनेक जण उलट करतात. बाजारात दहा विषय ओततात आणि स्वतःच्या साइटवर एकच कोर्स ठेवतात.

नवा कोर्स काढायच्या आधी मी आता त्याचा एकच धडा वाचनवर्गात मोफत घेते. नंतर कुणी काहीच विचारलं नाही तर तो विषय सोडून देते. "पुढचा भाग कधी?" असं दोघा-तिघांनी जरी विचारलं तरी वहीत खूण करते. तारखांच्या कोर्सची सुरुवात काकांच्या त्या कागदानं केली आहे, त्यांची परवानगी घेऊन.

गेल्या आठवड्यात चेन्नईहून एकांचा फोन आला. घराणं तंजावरचं, घरात अजून जुनी मराठी बोलतात. तंजावरच्या भोसल्यांच्या काळातले मोडी कागद त्यांच्याकडे आहेत आणि त्यांच्या नात्यातल्या आणखी चार-पाच घरांतही. "आमची मोडी तुमच्या कोर्ससारखी दिसत नाही. आणि मधेच तमिळ शब्द येतात," म्हणाले. मला तमिळ अजिबात येत नाही. मी त्यांना दोन-तीन कागदांचे स्वच्छ फोटो पाठवायला सांगितलंय, उजेडात, सरळ वरून काढलेले. ते आले की बुधवारच्या वर्गात सगळ्यांसमोर ठेवणार आहे.